कणगीतल्या गोळ्या

रोग लपवणे हा कोणत्याही दंडसंहितेतील अपराध नव्हे. परंतु रोग्याच्या हातून अपराध घडला, तर त्यातील आपला वाटा कोठून मोजावा, हे घरच्यांनाच ठाऊक असते.

शेणवे गावात गिरजाच्या ओटीवर फौजदारबाई जबाब लिहून घेत होत्या. तीन दिवसांपूर्वी तिच्या मुलाने, संदेशने, शेताच्या बांधावर स्वतःच्या वडिलांवर कोयता चालवला होता. हा माझा बाप नव्हे, बापाचे रूप घेऊन दुसराच कोणी आला आहे, असे तो ओरडत होता. वडील जागीच गेले. आज कोयता टाकलेली जागा दाखवण्यासाठी संदेशला आणले होते. अंगणातल्या जीपमध्ये तो बेड्या घालून बसला होता. गिरजाने अद्याप तिकडे पाहिले नव्हते.

थोरले दीर चंदर यांनी तिला सकाळीच बजावले होते : पोरगा प्यायला होता, एवढेच सांगायचे. दारूला कोणी नावे ठेवीत नाही. वेडाचा बोभाटा झाला, तर संदेशच्या बहिणीचे, नम्रताचे, ठरलेले लग्न मोडेल.

"मुलगा पीत होता का?" बाईंनी विचारले.

"लय पितो, मॅडम," चंदरच बोलले. "आख्ख्या गावाला म्हायती हाय."

गिरजा उठून माजघरात गेली. कणगीत वाकून तिने भाताखालून एक पिशवी काढली आणि बाईंपुढे ठेवली. आत गोळ्यांची न फोडलेली पाकिटे होती.

"डोक्याच्या गोळ्या हायेत. दोन वरसं घेत होता. गुरावर पण कधी हात नाय उगारला त्यानी. पन गोळीनं झोप यायची. भर लावणीत बांधावर निजायचा. नम्रताच्या सासरची मानसं इचारतील, म्हणून त्याचे बाबा बोलले बंद कर. मी लपवल्या."

"गिरजा, पोरीचा इचार कर," चंदर हळूच म्हणाले.

"तोच करून लपवल्या होत्या, दादा."

दारात उभ्या असलेल्या नम्रताने मान खाली घातली. परंतु ती आत गेली नाही.

बाईंनी आधीचा कागद फाडून नवा घेतला. लिहून झाल्यावर गिरजाने अंगठा दिला आणि ती जीपपाशी गेली.

"आये, बाबा जेवले का?" संदेशने विचारले.

तिने त्याच्या मस्तकावर हात ठेवला.

"बरा हो रे," ती म्हणाली.

तिच्या हाताला लागलेले भाताचे तूस त्याच्या केसांत राहिले.