बावीस चुलींचं गाव

"मेलो तरी लॉर्डच्या माणसाला मत देणार नाही." आठवडाभर जोसाया ट्रेवेनचं हेच पालुपद चाललं होतं. आणि आता म्हातारा चौकातल्या मतदानाच्या मंचाच्या पायऱ्या चढत होता. त्याची बायको टॅम्सिन गर्दीतून वाट काढत मंचाजवळ सरकली.

इंग्लंडातलं पोल्मेरिन गाव ते केवढं! पण पार्लमेंटात माणूस धाडायचा मान चारशे वर्षांचा. ज्याची हंडी स्वतःच्या चुलीवर उकळते त्याला मत, असा रिवाज. अशा चुली बावीस; मतं सारखी पडली तर कौल जमीनदार लॉर्डचा. मत द्यायचं तेही सगळ्यांसमोर, नाव मोठ्याने घेऊन. घरं मात्र सगळी लॉर्डची. विरोधात जाईल त्याने महिनाअखेर घर सोडायचं, असं त्याचा कारभारी दारोदार बजावून गेला होता.

त्यातल्याच एका घरात टॅम्सिन नवरी म्हणून आली होती. चार लेकरं तिथेच झाली, दोन तिथूनच देवाघरी गेली. नवऱ्याच्या हट्टी स्वभावावर तिचा भारी जीव. पण त्या हट्टापायी घर जाणार म्हटल्यावर तिला राहवेना.

"कोणाला मत?" कारकुनाने विचारलं.

"थांबा," टॅम्सिन पुढे झाली. "ह्यांना मतच नाही. नाताळापासून आमची चूल थंड आहे. दोन्ही वेळा जेवायला माझ्या बहिणीकडे असतो."

"म्हातारीला रांधायचा कंटाळा आला वाटतं," कोणीतरी म्हणालं. लोक हसले.

कारकुनाने बायबल पुढे केलं. टॅम्सिन जन्मात कधी खोटं बोलली नव्हती. आज बोलली, आणि तेही शपथेवर. जोसायाचं मत बाद झालं. तो खाली उतरला.

दुपारी निकाल लागला. अकरा विरुद्ध दहा. लॉर्डचा माणूस पडला.

टॅम्सिनला हसू आवरेना. "बघा, तुमचा माणूस निवडून आला आणि आपलं घरही राहिलं. आता रुसायचं तर घरी चला, जेवा आणि मग खुशाल रुसा."

जोसायाची नजर दुसरीकडेच होती. समोरून कारभारी गर्दी बाजूला सारत त्यांच्याकडेच येत होता.

"अहो, चला की."

जोसायाने तिचा हात हातात घेतला. "अगं वेडे, सकाळीच कारभाऱ्याला शब्द देऊन आलो होतो. तुझं घर जाऊ नये म्हणून मी लॉर्डच्याच माणसाचं नाव घेणार होतो."