थांबायची जागा

"बस, आमेन," असं म्हणायला कात्रीबाई आज विसरली. तिचा डोळा लागला होता.

गल्लीत तिला कात्रीबाई म्हणत. दुकान शिलाईचं होतं म्हणून नव्हे. जीभ तशी होती म्हणून. गुडघे गेले तसं चर्चला जाणं सुटलं. अक्षरांशी तर तिचं कधी जमलंच नव्हतं. म्हणून दर रविवारी विधवा सून घरातच शास्त्र वाचायची, आणि तेही बायबलातली रूथचीच गोष्ट. नवरा मेला तरी सून सासूला सोडत नाही. 'तुम्ही जाल तिथे मी येईन' एवढं झालं, की कात्रीबाईचा हात वर. पुढचं कशाला हवं?

मशीन दुरुस्त करणाऱ्या विधुराने सुनेला मागणी घातली, तेव्हा हेच वचन तिने त्याच्या तोंडावर फेकलं होतं. "आमच्या घरात रूथ आहे. उचला तुमचा पाना नि पकड!" तो बिचारा अर्धा चहा टाकून गेला. सून आत काजं करत होती.

रविवारी सुई धरायची नाही, हा नियमही कात्रीबाईचाच. पण कुणा गिऱ्हाइकाचं लग्न उद्यावर आलेलं. मग खड्ड्यात पडलेला बैल शब्बाथाला, विश्रांतीच्या दिवशीही बाहेर काढावा, हे शास्त्रातलं वचन तिला बरोबर आठवलं. सून मांडीवरच्या पांढऱ्या झग्याला टाके घालत, मशीनवर उघड्या पुस्तकातलं पुढे वाचत राहिली.

"...सासू तिला म्हणाली, मुली, तुझं भलं व्हावं म्हणून मी तुला घर पाहून देऊ नको का? न्हा, तेल लाव, चांगले कपडे घाल आणि त्या माणसाकडे जा."

कात्रीबाई खडबडून जागी झाली. "कोण म्हणालं?"

"सासू."

"रूथची?"

"तिचीच, आई."

"मनचं घुसडू नकोस. बोट ठेव बघू."

सुनेने बोट ठेवलं. कात्रीबाईने चष्मा चढवून मुंग्यांएवढी अक्षरं जुळवली. सा... सू.

"मग इतकी वर्षं वाचलं का नाहीस?"

"तुम्ही थांबवायच्या, तिथे थांबायची."

कात्रीबाईने चष्मा काढून पदराला पुसला. मग ती जुन्या तोऱ्यात म्हणाली, "मशीन अडतंय. त्या पाना-पकडवाल्याला उद्या ये म्हणावं. आणि या वेळी चहा पुरता पिऊन जा म्हणावं."

सुनेने दाताने दोरा तोडला. झगा झटकून उजेडात धरला.

"उद्या त्यांना वेळ नाही, आई. हा त्यांच्याच नवरीचा आहे."