चिठ्ठीवरचं नाव

"शाम होते ही शुरू हो जाता है, डॉक्टर साहब," सुहास सांगत होता. "पिंडलियों में. ऊपर से नहीं, हड्डी के अंदर. जैसे चींटियाँ चल रही हों. पैर हिलाओ तो दो मिनट आराम, फिर वही."

डॉक्टर हिंदीभाषी; ते लिहून घेत होते. चिठ्ठीवर नाव चारुलताचं होतं, वय छप्पन्न. बाहेरच्या काउंटरवर ते सुहासनेच सांगितलं होतं. ती नवऱ्याशेजारच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसली होती. तिला अजून कोणी काही विचारलं नव्हतं.

कोपऱ्यातल्या स्टुलावर अक्का होत्या, सुहासची थोरली बहीण. आलोच आहोत तर ब्लडप्रेशर बघून घेऊ, म्हणून त्याही आल्या होत्या. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्या मोठ्याने बोलतात.

"हिचे पाय म्हणजे टावर चौकातला ट्रॅफिक," त्या म्हणाल्या. "थांबेल तर शपथ."

घरातल्या प्रत्येक लग्नात हे वाक्य होतं. सुहास दर वेळी हसायचा. आजही हसला.

लग्नाला चार महिने झाले होते तेव्हा एका सकाळी अक्कांनी विचारलं होतं, "रात्री पलंग कसला वाजतो रे?" सुहासने चहाच्या कपातून मान वर न करता सांगितलं, "हिचे पाय. झोपेत लाथा मारते." चारुलताला ते खरं वाटलं. झोपेतलं आपलं आपल्याला काय कळणार? नवऱ्याला पाय लावते म्हणजे पाप. घर अक्कांच्या शब्दावर चालायचं. त्यांनी ठरवून दिलं, रोज सकाळी अंघोळ झाली की तिने त्याच्या पाया पडायचं. ती पडली. रात्री जुन्या लुगड्याच्या पट्टीने स्वतःचे घोटे बांधून झोपली. तिच्या आईला इंदूरहून बोलावून घेतलं, आणि आईने अक्कांपुढे हात जोडून मुलीच्या पायांची माफी मागितली. अखेर चारुलताचं अंथरूण बाहेरच्या खोलीत दिवाणावर गेलं. ते आजही तिथेच आहे. या गोष्टीला एकोणतीस वर्षं झाली.

ती दिवाणावर गेली त्या वर्षी पलंगावरची चादर फाटली. भैरवगढच्या लाकडी ठशांनी छापलेली, चांगली जाड चादर. पायथ्याशी, उजव्या अंगाला, टाचेएवढं भोक. उजवी बाजू सुहासची, आणि पलंगावर आता तो एकटाच होता. तिने चादर धुतली, घडी घातली आणि त्याच्यापुढे ठेवली. त्याने भोकात बोट घालून पाहिलं.

"हल्ली माल हलका येतो," तो म्हणाला.

पुढची चादर तिथेच फाटली. त्यापुढचीही. चारुलताने एकही टाकली नाही. लोखंडी कपाटात तळाला आज एकोणीस चादरी आहेत. तिची आई गेली तेव्हा सात होत्या.

गेल्या महिन्यात सुहास बँकेतून रिटायर झाला. आता दुपारीसुद्धा त्याला आडवं पडवेना. घरभर येरझारा घालायचा, विचारलं तर पचनासाठी म्हणायचा. मग मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ त्याच्या पाहण्यात आला. याला औषध आहे, असं त्यात सांगत होते. त्याच संध्याकाळी तो म्हणाला, "चारू, तुझे पाय एकदा दाखवून घेऊ या."

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग जाऊन दुसऱ्या दिवशीसाठी चांगली साडी काढून ठेवली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "भाई साहब, हड्डी के अंदर का आपको कैसे पता?"

"तीस साल से देख रहा हूँ."

"देखने से यह नहीं दिखता. खून की जाँच तो करवा लेंगे, लेकिन असली बात मरीज़ को ही बतानी पड़ती है." ते चारुलताकडे वळले. "बहनजी, आप बताइए. होता है ऐसा? इलाज है इसका. चैन से सो सकेंगी."

सुहासचे गुडघे टेबलाखाली हलत होते. टेबलावरचा पेनांचा डबा बारीक आवाजात वाजत होता. चारुलताचे पाय चपलांमध्ये जिथल्या तिथे होते.

एक 'हाँ' पुरली असती. औषध रात्रीपर्यंत त्याच्या पोटात गेलं असतं. आणि पाय कायमचे तिचे राहिले असते.

"नहीं, डॉक्टर साहब," ती म्हणाली. "मेरे पैरों को कुछ नहीं हुआ. कभी नहीं हुआ था."

डॉक्टरांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "तो फिर यह मैं किसके लिए लिखूँ?"

पेनांचा डबा वाजतच होता. सुहास खुर्चीतून कलला आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन मराठीत कुजबुजला, "चारू, हो म्हण ना. पाय माझे आहेत, तुला माहीत आहे. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही गं."

"काय म्हणतोय तो?" अक्कांनी स्टुलावरून विचारलं.

चारुलताने टेबलावरची चिठ्ठी दोन बोटांनी त्याच्यासमोर सरकवली.

"हिंदीत सांगा, म्हणजे डॉक्टरांना कळेल," ती म्हणाली. "आणि जरा मोठ्यानं. अक्कांना कमी ऐकू येतं."