कोरडी दरी

मार्गेडबाईंनी चहा पुढे ठेवला तेव्हा थॉर्बर्नच्या कोटातून फरशीवर पाणी गळत होतं. बाहेर पाऊस नुसता ओतत होता. वेल्समधल्या या दरीत तो दोन वर्षं दर महिन्याला येत होता आणि दर वेळी असाच चिंब व्हायचा. पण पडला इंजिनियर! अंगावरच्या कोटापेक्षा त्याचा विश्वास बाईंच्या कुरणात पुरलेल्या तांब्याच्या पर्जन्यमापकावर. आजूबाजूच्या डोंगरांवर धो धो पाऊस आणि या एका दरीत निम्माच, असं ते यंत्र सांगत होतं. ‘कोरडी दरी’ हा त्याचा शोध. लंडनच्या विद्वानांनी तो डोक्यावर घेतला होता आणि पुढच्या आठवड्यात त्याला त्यासाठी पदक मिळायचं होतं.

आज तो वाईट बातमी घेऊन आला होता. कागदावरून कळण्यापेक्षा स्वतःच्या तोंडाने सांगावी, एवढी माणुसकी त्याच्यात होती. म्हणून ठरल्यापेक्षा एक दिवस आधीच आला. शहराच्या पाण्यासाठी इथे धरण होणार, त्यात आपलं घर आणि कुरण जाणार, हे बाईंना ठाऊक होतं. वरच्या अंगाचं चॅपल आणि त्यामागच्या कबरी वाचतील, असं त्यानेच त्यांना सांगितलं होतं. आता धरणाची भिंत वाढवावी लागणार होती. चॅपलही बुडणार होतं, कबरीही.

“का पण?” बाईंनी विचारलं.

“पाऊस कमी पडतो इथे, म्हणून.”

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. त्याला वाटलं, बिचारीला कळलं नाही. त्याने समजुतीच्या सुरात सांगितलं, “दूध रोज मिळत असेल तर लोटा पुरतो, बाई. कधीमधीच मिळणार असेल तर साठवायला हंडा लागतो. तसंच आहे हे.”

मग मार्गेडबाईंच्या तोंडून अडखळत सगळं बाहेर आलं. तो यायच्या आदल्या दिवशी त्या कुरणात जात आणि यंत्रातल्या बाटलीतलं निम्मं पाणी गवतावर ओतून देत. दर महिन्याला, न चुकता. इथे पाऊसच नाही म्हटल्यावर शहरवाले दुसरी दरी बघतील, एवढंच बाईंचं गणित. तापाने गेलेली त्यांची लेक एलुनेड चॅपलमागे निजली होती.

“घर घ्या, साहेब. कुरण घ्या. मला तुरुंगात घाला हवं तर. पण माझ्या पोरीला पाण्याखाली नका घालू.”

थॉर्बर्नच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा आलं ते पदक. मग लंडनचं ते दालन, आणि तिथलं हसू. एक बाई बाटली उपडी करते आणि हा शहाणा त्यावर सिद्धांत रचतो! दुःखात माणूस काहीबाही बोलतो, मनावर घेऊ नका, असं काहीतरी तो पुटपुटला.

“मग स्वतः जाऊन बघा ना,” बाई म्हणाल्या. “आज तुम्ही आधीच आलात. मी हात लावलेला नाही अजून.”

तो गेला. अहवाल त्याच्या बॅगेत होता, उद्या जायचा होता. या महिन्याचं माप तेवढं भरायचं राहिलं होतं. एका ओळीची दुरुस्ती, की भिंत पुन्हा खाली आली असती. त्याने यंत्राचं झाकणवजा नरसाळं उचललं. आतली बाटली काठोकाठ भरली होती.

वर चॅपलचं छप्पर पावसात धुरकट दिसत होतं. खिडकीच्या काचेला कपाळ टेकून बाई उभ्या होत्या. त्याला त्यांची कीव आली, नाही असं नाही. पण स्वतःची जास्त आली. उंच भिंतीने बिघडतं कुणाचं? शहराला पाणी जास्तच मिळेल. मेलेल्यांना काय, कोरडी जमीन आणि ओली जमीन सारखीच.

त्याने खिडकीकडे पाठ केली. बाटली तिरकी करून निम्मं पाणी गवतावर सोडलं. उरलेलं मोजपात्रात ओतलं, पात्र डोळ्यांच्या रेषेत धरलं आणि नेहमीसारखाच श्वास रोखून, अगदी काटेकोरपणे, आकडा वाचला.