आगीचा सराव

“साहेब, तुम्ही त्या पोरीला दुसऱ्यांदा आगीत ढकललंत!” बाईंनी कारणे दाखवा नोटीस मुख्याध्यापकांच्या टेबलावर आपटली.

“भोंगा वाजल्यावर तीन मिनिटांत सगळी शाळा मैदानात आली. तुम्हीच वर्गात बसून राहिलात. सराव म्हणजे काय पोरखेळ वाटला?”

“तिचं घर जळालंय, तिला आधी कल्पना देऊ द्या, म्हणून आठवडाभर घसा कोरडा केला. पालथ्या घड्यावर पाणी! भोंगा वाजताच ती बाकाखाली शिरली. मी हात धरला, तर तो सोडवत म्हणाली, ‘तुम्ही पळा बाई. तेव्हा आईसुद्धा पळाली होती.’”

बाईंनी साहेबांचंच पेन उघडून पुढे केलं.

“मी पळायला हवं होतं का? लिहून द्या.”