बंगल्यातला समुद्र

"हा पक्षी मेलेला आहे," घाटे साहेब म्हणाले आणि कागद त्यांनी चहाच्या कपाशेजारी टाकला.

वच्छला व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभी होती. तिचा नवरा, रेंजर गुणवंतराव, साहेबांच्या खुर्चीमागे उगाच हसला. नोकरीचा मामला होता.

"तिकडे बघा." साहेबांनी डाकबंगल्याच्या आतल्या भिंतीकडे बोट केलं. "ते पाणी कसं हलतंय! तुमचं म्हणजे चिखलणी केलेलं शेत."

भिंतीवर काचेच्या चौकटीत समुद्र होता. काळे खडक, फुटणारी लाट आणि वर पाच पांढरे पक्षी. इंग्रजांच्या अमदानीत इथे राहून गेलेल्या कुणा साहेबाच्या मेमनं तो काढला होता आणि जाताना इथेच सोडला होता. अहेरीपासून आत, सागवानाच्या जंगलात, समुद्र म्हणून एवढाच. वच्छलाने दुसरा पाहिला नव्हता. घाटे साहेब मात्र मुंबईला दोनदा जाऊन आले होते आणि तेवढ्या पुंजीवर दर दौऱ्याला समुद्रावर व्याख्यान झोडत.

चांद्याच्या शाळेत वच्छलाला चित्रकलेचं बक्षीस मिळालं होतं. लग्न होऊन इथे आली तर बोलायला माणूस नाही, तेव्हा तिने त्या मेमलाच गुरू केलं. दुपारी लालसू चौकीदार बंगला उघडून द्यायचा आणि ती चित्रासमोर मांडी ठोकून बसायची. आधी नुसती लाट. मग नुसता खडक. मग एकाच पक्ष्याचा एकच पंख, कागद भरेपर्यंत. पंख साधेना तेव्हा ती प्राणहितेच्या वाळूवर जाऊन बसली. तिथले पांढरे पक्षी पाण्यावर झुकताना अंग कसं मोडतात ते पाहून आली आणि पुन्हा पहिल्यापासून लागली.

"बाई, एकच पाखरू किती खेपा काढता?" लालसूने एकदा विचारलं.

"उडेपर्यंत," ती म्हणाली.

गुणवंतरावांना बायकोचं कौतुक होतं. साहेब आले की तेच तिला कागद घेऊन बोलवायचे आणि साहेब तेच तेच ऐकवायचे. पाण्यात जीव नाही. पक्षी मेलेला. एकदा तर म्हणाले, बायकांनी रांगोळीच काढावी. त्या दिवशी वच्छलाने घरी येऊन तवा असा आपटला की शेजारच्या गोठ्यातली गाय उभी राहिली.

"माह्या कागदाकडे तो पाह्यतच नाई!" ती म्हणाली. "हातात कागद धरते आन् भिंतीकडे पाहून बोलते. असं पाह्यतेत का कोणाचं काम?"

"अवं, मोठा साहेब आहे."

"मोठा असन त्याच्या घरी. मी का त्याच्या घरची चाकर आहो?"

गप्प बसण्यात गुणवंतरावांचा हात कुणी धरला नसता.

पोळ्यानंतर साहेब पुन्हा आले. या खेपेला वच्छलाने कागद धुतलेल्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून आणला. साहेबांच्या हातात न देता तीच दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. साहेबांनी तो ओढून घेतला.

"कागद तरी बरा आणायचा. पिवळा पडलाय." मग ते भिंतीकडे वळले आणि त्यांचा चेहराच बदलला. "ते पाहा. चार वर्षं बघतोय मी हे चित्र, पण आज तर पंखांची फडफड ऐकू येतेय. नाही तर तुमचा हा पक्षी. पाय असा असतो होय?"

त्यांनी खिशातून लाल पेन्सिल काढली आणि पक्ष्याच्या पायावर ठसठशीत रेघ ओढली.

"नोका!" वच्छला किंचाळली.

गुणवंतराव दचकले. क्षणभर साहेबही.

"चूक दाखवली की राग येतो. मग सुधारणार कशा?" साहेब म्हणाले. "आणि हे काय? कोपऱ्यात मेमची सहीसुद्धा उतरवलीत? शिकायचं ते शिका, पण सही मारणं म्हणजे चोरी."

त्यांनी कागद शेजारच्या खुर्चीवर टाकला.

चहा झाला. साहेब उठले आणि सहज बोलावं तसं म्हणाले, "माझी नागपूरला बदली झालीय. लालसू, ते चित्र उतरव आणि जीपमध्ये ठेव. इथे वाळवीच्या तोंडी जायचं. कदर कुणाला आहे?"

सरकारी बंगल्यातली वस्तू, भरदिवसा! आणि आत्ताच चोरीवर प्रवचन देऊन झालेलं. लालसूने चौकट उतरवली, वच्छलाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

वच्छला मात्र जीपच्या आडवी जाऊन उभी राहिली.

"साहेब, ते नेऊ नोका. पाया पडतो तुमच्या. दुसरं काई न्या, ते नोका."

"रेंजर, बायकोला आवरा," साहेब म्हणाले.

आणि गुणवंतरावांनी आवरलं. दंडाला धरून बाजूला ओढलं, साऱ्या चौकीदार-शिपायांच्या देखत. जीप निघून गेली. वच्छला पायरीवर बसून मोठ्याने रडली. तिला दुःखापेक्षा चीड जास्त आली होती. साहेबाची तर होतीच, पण दंडावर उमटलेल्या बोटांची अधिक.

बऱ्याच वेळाने गुणवंतराव जवळ आले. खुर्चीवर पडलेला कागद त्यांनी उचलला आणि ओशाळून तिच्यापुढे धरला.

"रडून काऊन राह्यली? मेमचं चित्र होतं, गेलं. तुह्यं तर आहे तुह्यापाशी."

वच्छलाने डोळे पुसले. कागद त्यांच्या हातून अलगद काढून घेतला.

"हे मेमचं आहे," ती म्हणाली. "माह्यं भिंतीवर होतं."