खवट

दिवाळीला शर्मिष्ठेकडे आलेल्या दादाला फडताळात आईचा डबा दिसला. आत तिने शेवटच्या दिवाळीत तळलेले शंकरपाळे होते. आईला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

"शमे, टाकून दे की आता. खवट झाले असतील," तो जुन्या सवयीने बोलून गेला आणि स्वतःच ओशाळला.

जंगली पिस्त्याच्या सालीतल्या तेलाची मेदाम्लं शर्मिष्ठेच्याच प्रयोगशाळेने अशी बदलली होती, की ते तेल कधी बिघडतच नसे. आता घरोघरी तेच तेल होतं, आणि मुलांना खवट म्हणजे काय ते समजावून सांगावं लागे. त्यातलं पहिलं तेल तिने आईला दिवाळीच्या तळणासाठी दिलं होतं.

दादाने एक शंकरपाळा तोंडात टाकला. परवा तळल्यासारखा खुसखुशीत लागला. तो बराच वेळ चावत राहिला.

"इतके चांगले आहेत, तर संपवत का नाहीस?"

"डबा देताना आई काय म्हणाली होती? खवट व्हायच्या आत संपवा."

शर्मिष्ठेने त्याच्या हातातून डबा घेतला आणि झाकण घट्ट लावलं.

"अजून वेळ आहे, दादा."